गाडी बंद करा, काच खाली घ्या

नोव्हेंबर सरत आला की मला येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. पावसाळ्यात फोटो येतात आणि खाली एकच ओळ असते, 'ताई, हा कोणता पक्षी?' आता सगळ्यांना गाडी काढून निघायचं असतं. या खेपेला अशीच पाच पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जरा जास्तच जागा दिली आहे, कारण त्यातली चूक फार जणांकडून होते आणि ती निघायच्या आधीच सुधारता येते.

प्रश्न : आम्ही पुण्याचे. नाताळच्या सुट्टीत सहा दिवस मोकळे आहेत. नवरा, मी आणि नऊ वर्षांची मुलगी. भिगवण, नान्नज, कास, चिपळूण, आंबोली आणि शेवटी गोवा असा बेत आखलाय. नवी 150-600 लेन्स घेतली आहे. मुलीला माळढोक बघायचाच आहे. रोज किती किलोमीटर धरावेत?
(एक वाचक, कोथरूड)

बाई, तुमच्या यादीतली निम्म्याहून जास्त नावं मी खोडणार आहे. रागावू नका.

आधी मुलीला खरं सांगा. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 सालचं आहे, पण माळढोक महाराष्ट्रातून जवळजवळ संपला. उरलेले बहुतेक राजस्थानात, जैसलमेरकडे आहेत. त्याचं शरीर जड, समोरचं नीट दिसत नाही, त्यामुळे उडताना विजेच्या तारा वेळेवर चुकवता येत नाहीत. शिवाय एका विणीत बहुधा एकच अंडं. मी शाळेत तीस वर्षं शिकवलं, मुलांना खरं सांगितलं की ती जास्त मनापासून बघतात. 'माळढोक राहायचा तसला माळ आपण बघायला चाललोय' असं तिला सांगा. असा माळ तुमच्या घरापासून दोन तासांवर आहे, त्यासाठी सोलापूर गाठायला नको.

तो माळ म्हणजे सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य. सोलापूर रस्त्यानं चौफुल्यापर्यंत जायचं आणि तिथून सुप्याकडे वळायचं. क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर, राज्यातल्या सगळ्यात लहान अभयारण्यांपैकी एक. लोक तासाभरात फेरी मारून 'चिंकारा दिसला' म्हणत बाहेर पडतात. तुम्ही पहिल्या दिवशी दुपारी तीनला आत जा, मुक्काम जवळपासच करा आणि दुसऱ्या दिवशी फाटक उघडताच पुन्हा आत शिरा.

आत गेल्यावर काय करायचं ते नीट सांगते. सगळी मेख तिथेच आहे. रस्ता सोडायचा नाही. सूर्य पाठीशी येईल अशी गाडी लावायची, इंजिन बंद करायचं, काच खाली घ्यायची. जुन्या जीनच्या पायाची पिशवी शिवून त्यात दीड किलो ज्वारी भरायची, ती दारावर ठेवायची आणि लेन्स तिच्यावर टेकवायची. इंजिन चालू ठेवलं तर त्याची थरथर लेन्समध्ये उतरते. मग बसून राहायचं. पक्षी गाडीला घाबरत नाही, गाडीतून उतरणाऱ्या माणसाला घाबरतो.

मागच्या जानेवारीत मी अशीच बसले होते. अर्धा तास समोर नुसतं पिवळं गवत आणि खडे. मग एक खडा चालायला लागला. धाविक होता. झपझप धावायचा, गपकन थांबायचा, वाकून माती टोचायचा, पुन्हा धावायचा. डोक्यावर तांबूस टोपी, डोळ्यावरून पांढरी रेघ, तिच्या खालोखाल काळी, आणि दोन्ही बाजूंच्या रेघा मानेवर येऊन मिळालेल्या. पाय सायीच्या रंगाचे. तो गाडीपासून पंधरा-वीस हातांवर आला, कारण तो यायच्या आधीपासून गाडी तिथंच होती. माझ्या मागून दोन गाड्या धुरळा उडवत गेल्या. त्यांच्याकडच्या लेन्स माझ्या लेन्सहून मोठ्या होत्या, पण त्यांना धाविक दिसलाच नाही.

तिथंच पखुर्ड्या बघा. सकाळी उन्हं वर आली की थव्यानं पाण्यावर येतात. विणीच्या दिवसांत नर पोटाची पिसं पाण्यात भिजवतो आणि त्यातलं पाणी पिलांपर्यंत उडत नेतो. मुलीला हे सांगाच. संध्याकाळी गवतावरून अगदी खालून, पंख उंचावून तरंगत जाणारे भोवत्ये हे शिकारी पक्षी दिसतील. थंडीत ते मध्य आशियाकडून येतात आणि रात्री झाडावर नव्हे, गवतात जमिनीवर एकत्र झोपतात. म्हणून मला सरकारी कागदावरचा 'पडीक' हा शब्द सहन होत नाही. ज्या जमिनीवर हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी झोपायला उतरतो, ती पडीक कशी? 'पडीक' म्हटलं की तिथं खड्डे खणून झाडं लावतात, नाहीतर प्लॉट पाडतात. दोन्हींनी माळ मरतो. पुणे जिल्ह्यात कडबनवाडी आणि शिरसुफळला वनविभागानं गवताळ सफारी सुरू केली आहे, ती तुम्हाला वाटेवरच पडेल. अशा ठिकाणी पैसे भरून जरूर जा. माळाला किंमत आहे हे गावालाही दिसलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिगवण. उजनी धरणाचं मागचं पाणी, कुंभारगाव किंवा डिकसळच्या बाजूला मुक्काम करा, तिसरा दिवसही तिथलाच. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, डिसेंबरअखेर भरपूर असतीलच असं नाही. ते पाण्याच्या पातळीवर ठरतं. धरण काठोकाठ भरलेलं असेल तर त्यांना चरायला उथळ चिखल उघडा पडत नाही. शेतीला पाणी सुटत जातं, पातळी उतरते, तसे थवे वाढतात. जानेवारीअखेर ते मार्च हा खरा काळ. पण पट्टकादंब, चित्रबलाक, थापट्ये, नदी सुरय, माशावर झेप घेणारा कैकर हे मिळतील. बोटीत बसायच्या आधीच नावाड्याला सांगा, 'दादा, थवा उडवायचा नाही, लांबच थांबू.' पर्यटक खूश व्हावेत म्हणून बोट थव्यात घालायची सवय काहींना लागली आहे, आणि ती आपणच लावली आहे. रोहित पाण्यावर बराच धावतो तेव्हा कुठं उडतो. दिवसातून दहादा त्याला असं पळवलं तर तो खाणार कधी?

चौथा दिवस प्रवासाचा. बारामती, फलटण, सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर. हा रस्ता मला फार आवडतो. सकाळी तुम्ही वर्षाला जेमतेम 500 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या माळावर असता आणि संध्याकाळी 5000 मिलिमीटरच्या मुलखात. मुलीच्या हातात वही द्या आणि खिडकीतून तारेवर बसलेला प्रत्येक पक्षी लिहायला सांगा. फलटणपर्यंत खाटीक, कोतवाल, नीलपंख मिळतील. पाटणच्या पुढं तारा रिकाम्या होतात आणि आवाज झाडीतून यायला लागतात. 'कुटुर्र कुटुर्र' सुरू झालं की कुटुर्ग्याचा मुलूख आला.

पाचव्या दिवशी पहाटे कुंभार्ली घाट. गाडी वळणावर नको, कडेला प्रशस्त जागा बघून लावा. फळलेला उंबर किंवा वड शोधा आणि त्याच्यासमोर तास-दीड तास काढा. हरेवा, सुभग, हळद्या, निखार, नशीब असेल तर धनेशही, सगळे त्याच झाडावर येतील. मग खाली चिपळूण, आणि मुक्कामाला गुहागर. सहाव्या दिवशी सकाळी किनारा, आणि परत.

किनाऱ्यावर भरतीची वेळ साधा. पाणी चढू लागलं की चिखल्ये, तुतवार, कुरव वाळूच्या अरुंद पट्टीवर गोळा होतात आणि आपसूक जवळ येतात. कोकणातला जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. एकादशी-द्वादशीच्या सकाळी सातला गेलात तर कोवळं ऊन आणि चढतं पाणी दोन्ही मिळतं. वाळूत सरळ पालथं पडा. कपडे धुता येतात, पण उभ्यानं काढलेल्या चिखल्याच्या फोटोत नुसती पाठ दिसते.

कास, आंबोली आणि गोवा यादीतून काढा. कासची फुलं डिसेंबरात नसतात. आंबोली आणि गोव्याला वेगळे पाच दिवस द्या.

प्रश्न : माझ्याकडे महागडा कॅमेरा आणि चांगली लेन्स आहे. तरी माळावरचे सगळे फोटो धुरकट येतात. लेन्समध्ये दोष आहे का? दुकानदार म्हणतो नाही.
(एक वाचक, बार्शी)

फोटोंवरच्या वेळा बघितल्या. साडेदहा, अकरा, पावणेबारा. लेन्स ठीक आहे, हवा हलते आहे.

माळ तापला की जमिनीलगतची हवा उकळत्या पाण्यासारखी थरथरते. लांबच्या डांबरी रस्त्यावर पाणी दिसतं, तोच हा प्रकार. लेन्स जितकी लांब पल्ल्याची तितका तो जास्त दिसतो, आणि कोणतीही लेन्स त्यातून आरपार बघू शकत नाही. हिवाळ्यात साडेनऊ, उन्हाळ्यात आठ वाजले की लांबचा पक्षी सोडून द्या. जवळ आला तर काढा. पुन्हा साडेचारनंतर बसा. मधल्या वेळात भाकरी खाऊन झाडाखाली झोपा, पक्षीही तेच करतात.

आणखी एक. सकाळी थंड हवेत तापलेल्या बॉनेटवरून फोटो काढलात तरी तोच धुरकटपणा येतो. बाजूच्या काचेतून काढा.

प्रश्न : भिगवणला काढलेल्या फोटोंत रोहित म्हणजे नुसते पांढरे डाग दिसतात. पिसं दिसतच नाहीत.
(एक वाचक, इंदापूर)

कॅमेऱ्याला काळसर पाणीच जास्त दिसतं, म्हणून तो सगळंच उजळवतो आणि पांढरा रंग जळतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी करा, रॉ फाइलमध्ये काढा आणि पहिल्या दोन फोटोंनंतर हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला टेकलाय का ते बघा. बगळ्यांनाही हेच लागू. पक्षी आकाशाच्या पार्श्वभूमीवर उडाला की उलटं करा, नाहीतर काळा पडेल. उडणाऱ्यासाठी शटर 1/2000 च्या खाली नको.

प्रश्न : आमच्या वाडीमागच्या जुन्या बेहड्याच्या ढोलीत दरवर्षी ककणेरांची (काळ्या-पांढऱ्या धनेशांची) जोडी घरटं करते. गेल्या वर्षी कुणीतरी जागा सांगितली आणि मार्चमध्ये रोज तीन-चार गाड्या यायला लागल्या. लोक पैसे द्यायला तयार आहेत. मुलगा म्हणतो, यंदा आडोसा उभारून तिकीट लावू. माझं मन होत नाही. तुम्ही काय म्हणाल?
(एक शेतकरी, संगमेश्वर तालुका)

दादा, तुमचं मन बरोबर सांगतंय. पण मुलाचंही मला पूर्ण चूक वाटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ढोलीच्या आत काय चाललंय ते. ककणेराची मादी आत शिरते आणि दाराला विष्ठेचा गिलावा करून ते आतून लिंपून घेते. उरते ती चोच बाहेर येईल एवढी फट. आत तिची उडायची पिसं गळतात. म्हणजे ती नुसती कोंडलेली नसते, बाहेर आली तरी त्या दिवसांत तिला धड उडता येणार नाही. तिचं आणि पिलांचं सगळं खाणं एकटा नर आणतो.

मी पाच वर्षांपूर्वी एका देवराईत, जिथून ढोली कशीबशी दिसत होती इतक्या लांब बसून, दुर्बिणीतून हे बघितलं. नर आला, शेजारच्या फांदीवर बसला आणि चांगली दहा मिनिटं नुसता इकडंतिकडं बघत राहिला. मग फटीपाशी लटकला. गळा हलवून एक उंबर चोचीच्या टोकावर आणला आणि आत दिला. पुन्हा गळा हलवला, पुन्हा एक. मी मोजत होते. 19 उंबरं झाली. शेवटी फटीतून आतली चोच थोडी बाहेर आली, त्याच्या चोचीला टेकली आणि आत गेली. तेवढ्यात खालच्या वाटेवर कुणीतरी खाकरलं. नर उडाला तो पुढं तास-दीड तास आलाच नाही. एका खाकरण्यानं आत एक जेवण चुकलं. तुमच्या झाडाखाली दिवसाला चार गाड्या म्हणजे किती जेवणं, ते तुम्हीच मोजा.

तेव्हा घरट्यासमोर आडोसा नको, तिकीट तर नकोच. फेब्रुवारी ते मे त्या बाजूला कुणालाही नेऊ नका. विचारलं तर 'यंदा नाही' म्हणा. हा पक्षी कायद्यानं संरक्षित आहे, 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा तुमच्या बाजूनं आहे. कुणी फारच अडून बसलं तर वनरक्षकाला फोन करा. घरट्यातले फोटो चांगल्या स्पर्धा आता घेत नाहीत, हेही येणाऱ्यांना सांगा. पुष्कळदा एवढ्यानं पाय मागे वळतात.

आता मुलाच्या कमाईचं. त्याला सांगा, घरटं दाखवू नको, झाड दाखव. तुमच्या शिवारात वड, उंबर, काजरा असेलच. ही झाडं फळली की धनेश तिथं स्वतःहून येतात, पोटभर खातात आणि बिया दूरवर टाकतात. फळलेल्या झाडापासून लांब, सावलीत माचाण बांधा, चार माणसांहून जास्त नाही, पहाटे सहा ते नऊ. न्याहारीला घावणे द्या, पैसे रास्त घ्या. तिथं आलेला पक्षी मोकळा असतो, नको वाटलं तर उडून जातो. फोटोही चांगला मिळतो, कारण फळ वर उडवून चोचीत झेलणारा धनेश ढोलीला चिकटलेल्या धनेशापेक्षा केव्हाही देखणा.

एक विनंती. तो बेहडा जुना आहे, कुणी ना कुणी लाकडासाठी भाव सांगत येईलच. तो विकू नका. अशी ढोली पडायला झाड म्हातारं व्हावं लागतं.

प्रश्न : आम्ही अॅरिझोनात फीनिक्सजवळ राहतो. इथं वाळवंटात गाडीतूनच पक्षी बघायचा छंद लागला, सग्वारो निवडुंगाच्या भोकांतले सुतार आणि घुबडं बघता बघता. पुढच्या जुलैत आई-बाबांना भेटायला पनवेलला येतोय. सगळे म्हणतात पावसात पक्षी नसतात, कॅमेरा आणू नका. खरं का?
(एक वाचक, अमेरिका)

कॅमेरा आणा. थंडीतले पाहुणे पक्षी नसतात हे खरं, पण पावसातच येणारा आणि इथं घर करणारा एक तुमच्या आई-बाबांच्या दारातच आहे.

तिबोटी खंड्या. रायगडचा जिल्हा पक्षी. वीतभरसुद्धा नाही, पोट पिवळंधमक, पाठ निळी-जांभळी, चोच लालकेशरी, पायाला तीनच बोटं. जूनच्या पावसाबरोबर कोकणात येतो आणि ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करतो. पनवेलहून गोवा रस्त्यानं निघालात की थोड्याच वेळात कर्नाळा अभयारण्य लागतं. झाडीतला उजेड इतका कमी असतो की शटर 1/125 पर्यंत खाली आणावं लागेल, म्हणून तिवई घ्या. पिलांना पाली-सरडे भरवत असताना त्याच्या बिळासमोर कुणी नेत असेल तर नाही म्हणा. वरच्या पत्रातलं सगळं इथंही लागू आहे. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवणाराही वाटाड्या नको. नराला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसला, आणि तो चारा टाकून भांडायला धावतो.

वातानुकूलित गाडीतून एकदम बाहेर आलात की लेन्सवर दव धरतं. उतरायच्या वीस मिनिटं आधी एसी बंद करा आणि कॅमेरा बंद पिशवीतच राहू द्या. रात्री सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवा. कोकणच्या एका पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशी धरते, माझी एक लेन्स अशीच गेली.

दोन दिवस मिळाले तर घाट चढून माळावर या. आफ्रिकेकडून आलेला चातक तेव्हा बाभळीच्या शेंड्यावर ओरडत असतो, आणि सातभाईंचा थवा त्याला बघून गोंगाट करतो, कारण त्याची मादी अंडी त्यांच्याच घरट्यात घालणार असते. विहिरीवरच्या बाभळींना सुगरणीची अर्धी विणलेली, हिरवीगार घरटी लोंबत असतात. गाडी मात्र रस्त्याखाली उतरवू नका. बऱ्याच वर्षांपूर्वी मेच्या शेवटी चांगल्या उजेडासाठी मी गाडी दहा पावलं माळावर घेतली होती. दार उघडलं तर पुढच्या चाकापासून दीड हातावर माळटिटवीची चार अंडी, मातीच्याच रंगाची, आणि समोर ती पंख पसरून उभी. गाडी मागे घ्यायलाही भीती वाटली. शेवटी आमचे हे समोर वाकून चाकाकडं बघत उभे राहिले आणि मी आल्या चाकोरीवरून, बोटबोट करत, गाडी मागे घेतली. डांबरावर येऊन तासभर थांबलो. ती परत अंड्यांवर बसल्यावर मगच निघालो.